जीबीआयएफ: फुकट, अवाढव्य आणि डोकं वापरायला लावणारं

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी वनस्पतिशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या मुलांचे प्रोजेक्ट दरवर्षी माझ्याकडे असतात. पूर्वी मुलं विचारायची, 'मॅडम, कुठे फिरायचं?' हल्ली विचारतात, 'मॅडम, डेटा जीबीआयएफवरून उतरवला तर चालेल ना?' चालेल. पण त्यातलं काय चालेल आणि काय चालणार नाही, हे दरवर्षी सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

पूर्ण नाव ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी. २००१ मध्ये सुरू झालं, सचिवालय कोपनहेगनला आहे, पैसा सदस्य देशांचा. जगभरातली संग्रहालयं, वनस्पतिसंग्रह, विद्यापीठं आणि हौशी निरीक्षक यांच्याकडच्या 'अमुक जीव, अमुक ठिकाणी, अमुक तारखेला' अशा नोंदी इथे एका साच्यात येऊन पडतात. त्यांची संख्या दोन अब्जांच्या पुढे जाऊनही आता काही वर्षं झाली. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. कापलेल्या एका ताऱ्यातला बराचसा वाटा आपलाच आहे, ते पुढे येईल.

आधी चांगलं. शोधायला खातं लागत नाही. फाइल उतरवायला लागतं, तेही फुकट. शास्त्रीय नाव टाका, देश निवडा, गाळण्या (फिल्टर) लावा, डाउनलोड दाबा. फाइल तयार झाली की ईमेल येतो. प्रत्येक डाउनलोडला स्वतंत्र डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक, मिळतो आणि मला ही सोय सगळ्यात जास्त आवडते. तुम्ही कोणता डेटा, कोणत्या दिवशी, कोणत्या गाळण्या लावून घेतला हे परीक्षकाला एका क्लिकवर बघता येतं. शिवाय तो क्रमांक तुमच्या प्रबंधात आला की ज्या संग्रहालयाच्या कपाटातले नमुने तुम्ही वापरलेत, त्याच्या खात्यावरही उल्लेख जमा होतो. आपल्याकडे दुसऱ्याच्या वनस्पतिसंग्रहात महिनाभर बसून शेवटी आभाराची एक ओळ न लिहिणारे महाभाग मी पाहिलेत, त्यामुळे या सोयीचं कौतुक जरा जास्तच आहे.

नावांची भानगडही बऱ्यापैकी निस्तरलेली आहे. ऐनाचं उदाहरण घ्या. टर्मिनालिया टोमेंटोसा, क्रेन्युलाटा, एलिप्टिका, अलाटा अशी किती नावं या एका झाडाच्या मागे लागलीत! जुन्या फ्लोरात, म्हणजे प्रदेशातल्या वनस्पतींच्या ग्रंथात, एक, वनखात्याच्या यादीत दुसरं. खैर आणि बाभूळ तर अकेशिया म्हणूनच आम्ही शिकलो. आता खैर सेनेगालिया झाला आणि बाभूळ व्हॅचेलिया. जीबीआयएफची स्वतःची नावांची सूची आहे, ती अशा पर्यायी नावांच्या नोंदी एका मान्य नावाखाली आणायचा प्रयत्न करते. जुनं नाव टाकलं तरी रिकाम्या हाताने परत येत नाही. मात्र नोंद मुळात कोणत्या नावाने आली होती, तो रकाना बघायचाच. ज्यांनी झाडच चुकीचं ओळखलं त्यांची चूक कुठलीही सूची दुरुस्त करू शकत नाही.

एक बारीक गोष्ट, जिथे दरवर्षी कोणीतरी अडकतं. 'सिंपल' प्रकारच्या फाइलच्या नावात सीएसव्ही असतं, आत मात्र स्वल्पविरामांऐवजी टॅब असतात. एक्सेलमध्ये डबल-क्लिक केलं की सगळा मजकूर पहिल्या रकान्यात कोंबला जातो आणि पोरं म्हणतात, फाइल करप्ट आहे. फाइल धडधाकट आहे. एक्सेलच्या डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट' करून आत घ्या आणि विभाजक म्हणून टॅब निवडा. आर ही संगणकभाषा येत असेल तर प्रश्नच नाही, त्यासाठी आरजीबीआयएफ हे तयार पॅकेज आहे. पक्ष्यांवर काम करणाऱ्यांनी राज्य, वर्ष अशा गाळण्या आधीच लावाव्यात. ईबर्ड, म्हणजे पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींचं संकेतस्थळ, हा इथला सगळ्यात मोठा डेटासेट आहे. अख्ख्या भारताचे पक्षी उतरवायला घ्याल तर आमच्यासारख्या ठिकाणच्या नेटवर रात्र जाईल.

आता खरा मुद्दा. हा नकाशा वाचायचा कसा?

आमच्या एका विद्यार्थिनीने शेकरू घेतलं होतं. खरं तर ते प्राणिशास्त्रवाल्यांचं, पण ते झाडावर राहतं म्हणून मी हद्द ओलांडायची परवानगी दिली. प्रयोगशाळेच्या पडद्यावर तिने महाराष्ट्राचा नकाशा लावला. भीमाशंकरला ठिपक्यांचा पुंजका, महाबळेश्वरला पुंजका, फणसाडला काही, तिकडे मेळघाटात काही. मधल्या डोंगररांगेत लांबच लांब रिकाम्या जागा. ती आपली लिहायला बसली की शेकरूचं वितरण तुटक आहे. आमचे प्रयोगशाळेतले मामा स्लाइड पुसत मागे उभे होते. त्यांचं गाव कोयनेच्या खोऱ्यात. नकाशाकडे बघून म्हणाले, 'मॅडम, आमच्याकडं तर घराच्या मागं घरटी हायती त्याची. पण आमी कुणाला कळवायचं?'

त्या रिकाम्या जागेचा अर्थ तो होता. महाराष्ट्राच्या नकाशावर जे पुंजके दिसतात, ते पुण्या-मुंबईहून शनिवार-रविवारी गाडीने कुठे जाता येतं आणि तिथे चांगला कॅमेरा घेऊन कोण जातं याचे आहेत. शेकरू त्यात योगायोगाने आलं. नमुने गोळा करण्यातला हा कल जगभर ठाऊक आहे. रस्त्यालगत, शहरांजवळ, अभयारण्याच्या फाटकापाशी नोंदी दाटतात. जीबीआयएफने तो लपवलेला नाही, पण नकाशावर तसं लिहूनही येत नाही. आमच्या सड्यांवर, म्हणजे कोकणातल्या सपाट कातळी पठारांवर, तर उलटी गंमत आहे. जांभ्याच्या सड्यावर खरी चंगळ असते ती जुलै-ऑगस्टमध्ये, आणि त्या मुसळधार पावसात शेवाळावरून घसरायला पर्यटक येत नाहीत. मग तुमच्या फाइलमध्ये सडा म्हणजे मे महिन्यातलं वाळलेलं गवत.

वर्षाची गाळणी न लावता माळढोक शोधून बघा. सोलापूरकडे नान्नजच्या आसपास ठिपके दिसतील आणि वाटेल की वा, बरं चाललंय की. तारखा उघडल्या की मन खट्टू होतं. नोंद खरी असते, काळ गेलेला असतो.

काळावरून जुन्या नमुन्यांकडे येते, कारण वनस्पतिवाल्यांसाठी खरा खजिना तिथे आहे. ब्रिटनमधल्या क्यू आणि एडिंबरो इथल्या वनस्पतिसंग्रहांतले नमुने आता घरबसल्या पाहता येतात. कितीतरी नोंदींना वाळवलेल्या फांदीचा फोटोसुद्धा जोडलेला असतो, आणि तो मोठा करून पाकळी मोजता येते. आमच्या काळात हे बघायला परदेशी शिष्यवृत्ती लागायची. पण लेबल वाचा. एकोणिसाव्या शतकातल्या हूकर आणि थॉमसन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांच्या संग्रहातलं एक छापील लेबल पश्चिम घाटाच्या कितीतरी नमुन्यांवर चिकटवलेलं आहे. त्यावर ठिकाण काय, तर 'मलबार, कोकण वगैरे'. गोळा करणारे कोण, तर 'स्टॉक्स, लॉ वगैरे'. दोन्हीकडे वगैरे! या पत्त्यात ठाण्यापासून केरळपर्यंत काहीही बसतं. अशा नमुन्याला कोणीतरी नंतर अंदाजाने अक्षांश-रेखांश दिलेले असले, तर नकाशावर तोही तुमच्या कालच्या जीपीएस नोंदीइतकाच टोकदार ठिपका होऊन बसतो. म्हणून 'निर्देशांकातली अनिश्चितता' हा मीटरमध्ये दिलेला रकाना आधी बघायचा. तो कोरा असेल तर संशय धरायचा. ज्यांचे अक्षांश-रेखांश दोन्ही शून्य आहेत अशा नोंदी आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात जाऊन पडतात. काही नोंदी देशाच्या बरोबर मध्यावर असतात, काही चक्क संग्रहालयाच्या इमारतीवर. कित्येक चुकांना जीबीआयएफ स्वतःच खूण करून ठेवतं. उरलेल्या शोधायला कोऑर्डिनेट-क्लीनर नावाचं पॅकेज आहे. तांदूळ निवडल्याशिवाय आपण शिजवत नाही, मग नोंदी का शिजवायच्या?

आयनॅचरलिस्ट या, कोणीही आपल्या निरीक्षणांचे फोटो टाकू शकेल अशा संकेतस्थळावरून येणाऱ्या नोंदींबद्दल एक वेगळी सूचना. तिथे दुर्मीळ आणि धोक्यातल्या जातींचं ठिकाण मुद्दाम धूसर केलं जातं. खरा बिंदू न दाखवता ०.२ अंश बाय ०.२ अंशांच्या चौकटीत कुठेतरी ठिपका टाकतात. आपल्याकडे ही चौकट साधारण २२ किलोमीटरची पडते. खवले मांजराचा पत्ता उघडा ठेवला तर काय होईल हे सांगायला नको, तेव्हा धोरणाबद्दल माझी तक्रार नाही. पण सह्याद्रीत २२ किलोमीटर म्हणजे काय? पोलादपूर ते महाबळेश्वर सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. एक घाटाच्या पायथ्याला, दुसरं १३०० मीटरच्या वर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि पूर्वेला घाट उतरून वाईत आलात की त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतका. एवढ्या अंतरात जंगल बदलतं, माती बदलते, बोली बदलते. धूसर ठिपका घेऊन त्याखालचं हवामान वाचायला गेलात तर कोकणातला प्राणी देशावर चढेल.

हवामान कशाला वाचायचं म्हणाल, तर हल्ली प्रोजेक्टची ठरलेली रीत अशी: जीबीआयएफवरून ठिपके, वर्ल्डक्लिमवरून हवामानाचे थर (म्हणजे नकाशे), मॅक्सएंट या मॉडेल बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही घाला, वितरणाचा रंगीत नकाशा बाहेर. तिन्ही फुकट, तिन्ही आपापल्या जागी उत्तम. वर्ल्डक्लिम साधारण एक चौरस किलोमीटरच्या चौकटीपर्यंत तपमान-पावसाचे एकोणीस निर्देशांक देतं. मॅक्सएंट २००६ पासून आहे आणि जिथे 'दिसला' एवढंच माहीत असतं, 'नव्हता' हे माहीत नसतं, अशा नोंदींवर चालतं. एका ऑनलाइन कार्यशाळेत, नाव घेत नाही, आमच्या मुलांनी पैसे भरून ही रीत शिकली. परत आली ती एयूसी, म्हणजे मॉडेल किती नेमकं ओळखतं त्याचे एकपैकी गुण, ०.९५ आल्याच्या आनंदात. मी विचारलं, तुलनेची पार्श्वभूमी म्हणून किती प्रदेश घेतला? म्हणे, अख्खा भारत. सह्याद्रीतली जात अख्ख्या भारतासमोर उभी केली तर राजस्थान आणि लडाख वेगळे ओळखल्याचे गुण फुकटात मिळतात! त्या कार्यशाळेत हे कोणी सांगितलं नव्हतं. प्रमाणपत्र मात्र रंगीत.

एकोणीस निर्देशांक सरसकट घालू नका, हेही सांगते. त्यातले बरेच एकमेकांची सावली आहेत. आणि आपल्याकडे 'सर्वांत कोरड्या तिमाहीतला पाऊस' हा निर्देशांक जवळपास सगळीकडे शून्याला टेकलेला, तो काय फरक सांगणार? सह्याद्रीत उत्तरेकडे पाऊस कमी होतो असं नाही. कोरडे महिने वाढतात. केरळच्या दक्षिणेला तीन-चार, आपल्याकडे सात-आठ. कितीतरी सदाहरित झाडं उत्तरेकडे येता येता का थांबतात, त्याचं मोठं कारण हे आहे. वार्षिक सरासरीत ते दिसत नाही.

शेकरूवाली मुलगी हुशार. तिने पुढचा प्रश्न काढला: आज शेकरू सह्याद्रीत आहे, सातपुड्यात आहे, पूर्व घाटातही आहे. मध्ये खानदेश आणि दख्खनचा कोरडा पट्टा. जो प्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो, तो पलीकडे गेला कसा? प्रश्न जुनाच आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी गेल्या शतकाच्या चाळिशीत असाच विचार माशांबद्दल मांडला होता, की ईशान्येकडचे जीव सातपुड्याच्या वाटेने सह्याद्रीत आले असावेत. त्यासाठी ती वाट कधीतरी आजच्यापेक्षा ओली असायला हवी. मग आपण जुन्या हवामानाचे थर घेऊन मॉडेल मागे चालवू, असं तिचं म्हणणं.

थर मिळतात. सहा हजार वर्षांपूर्वीचे, सुमारे एकवीस हजार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरातले, आणि आधीच्या उबदार काळातलेसुद्धा. हिमयुगाचा थर उघडला तर घाबरू नका. मुंबईच्या पश्चिमेला समुद्राच्या जागी जमीन दिसेल. तेव्हा समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली होती. मात्र हे थर तेव्हा कोणी मोजलेले नाहीत. पृथ्वीभराच्या हवामान-मॉडेलांनी मोठाल्या चौकटींत काढलेलं उत्तर आजच्या नकाशावर बसवून बारीक केलेलं असतं. महाबळेश्वर आणि वाई त्या मूळ चौकटीत एकाच खोलीत झोपतात. ढोबळ गोष्ट पटण्यासारखी आहे: हिमयुगात उन्हाळी मान्सून दुबळा, नंतर साधारण दहा ते सहा हजार वर्षांपूर्वीच्या काळात जोरदार. पण 'या खिंडीतून शेकरू गेलं' इथपर्यंत बोट ठेवायला ते पुरत नाहीत. शिवाय आजचा खंड हवामानाने पाडला की कुऱ्हाडीने, हे आजच्या ठिपक्यांवर शिकलेल्या मॉडेलला कसं कळणार?

तिथे चिखलाला साक्षीला बोलवावं लागतं. बुलढाण्याच्या लोणार सरोवरातून गाळाचा सुमारे दहा मीटरचा गाभा (नळीने काढलेला उभा दंडगोल) काढून त्यातून गेल्या काही हजार वर्षांच्या मान्सूनचा इतिहास वाचलेला आहे. २०१४ मध्ये छापून आलेल्या त्या कामात साधारण ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा एक लांबलचक कोरडा काळ दिसतो. असा एक गाभा, त्यातले परागकण, असं काही हाताशी असलं की मॉडेलच्या नकाशाला विचारता येतं: तू म्हणतोस ते इथे जुळतं का?

आणि शहामृग विसरू नका. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचं सापडली, त्यातल्या एका तुकड्यावर तर माणसाने कोरलेली जाळीदार नक्षी आहे. वय सुमारे पंचवीस हजार वर्षं. भारतातल्या अशा कवचांतून डीएनए काढून ती शहामृगाचीच असल्याचं २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. आता जीबीआयएफवर शहामृगाचे आजचे रानटी ठिपके घ्या, सगळे आफ्रिकेतले, आणि त्यावर मॉडेल शिकवा. त्याला खानदेश कुठून सुचणार? जीव आज जिथे उरला आहे तेवढंच त्याला मानवतं, हे गृहीतच मुळात लंगडं आहे. नोंदीचा प्रकार निवडायच्या गाळणीत 'जीवाश्म' असाही पर्याय आहे. पोरं तो हमखास वगळतात, 'आउटलायर', म्हणजे बाकीच्यांत न बसणारी नोंद, म्हणून.

आता कापलेल्या ताऱ्याबद्दल. आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या कपाटांत डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून असलेले नमुने तिथे नाहीत. निवृत्त झालेल्या शिक्षकांच्या वह्या नाहीत. मामांचं शेकरू नाही. जीबीआयएफवर थेट डेटा टाकायचा तर संस्थेने प्रकाशक म्हणून नोंदणी करावी लागते. एकट्या माणसाला तशी वाट नाही, त्याने आयनॅचरलिस्ट, ईबर्ड किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलमार्फत जायचं. आयनॅचरलिस्टवर नोंद 'रिसर्च ग्रेड' व्हावी लागते, म्हणजे इतरांनी ओळख पक्की करावी लागते, आणि परवाना तीन ठरावीक मोकळ्या प्रकारांपैकी असावा लागतो. 'सर्व हक्क राखीव' ठेवलंत तर तुमचा सुंदर फोटो तिथेच राहील, पुढे जाणार नाही. खातं उघडताना ही एक सेटिंग बघा. गेल्या पावसापासून आमची मुलं सड्यावर जाताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेतात आणि पाऊस उघडला की टिपतात. मामांनी गावाकडच्या पुतण्याला कामाला लावलंय. त्याच्या घरट्यांचे फोटो थरथरलेले आहेत, पण तारीख आणि जागा पक्की.

कोणी घ्यावं: प्रबंधवाल्यांनी, फ्लोरा लिहिणाऱ्यांनी, आपल्या गावच्या झाडाचा दीडशे वर्षांपूर्वीचा नमुना बघायची हौस असलेल्यांनी. पर्यावरण परिणामाचा अहवाल लिहिणाऱ्या सल्लागारांनी 'जीबीआयएफवर इथे काही नोंद नाही, सबब इथे काही नाही' असं लिहायला वापरू नये. असे अहवाल मी वाचलेत.

मोबाइलवर नकाशा बघण्यापुरतं ठीक आहे, गाळण्या लावायला संगणकच घ्या. उतरवलेली फाइल स्वतःकडे जपून ठेवा, कारण कुठे उल्लेख न झालेली डाउनलोडं सहा महिन्यांनंतर सर्व्हरवरून काढली जाऊ शकतात. डीओआय राहतो, फाइल राहीलच असं नाही. आणि तो क्रमांक पहिल्याच मसुद्यात लिहून टाका. सबमिशनच्या आदल्या रात्री अकरा वाजता मला फोन करून 'मॅडम, तो नंबर कुठे मिळेल?' असं विचारू नका. तुमच्या खात्यात, 'माय डाउनलोड्स' मध्ये.